पडद्यामागून पाहिलेलं लग्न

बसा, चहा येतोच आहे. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. सारी हयात मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या. तहसीलदाराच्या, नगरपालिकेच्या, कापूस तोलणाऱ्या अडत्यांच्या. एका डेप्युटी कमिशनरच्या तर ओळीने तीन अंकांत. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कुणी छापली असेल? मीच. पहिल्या पानावर, चौकटीत, माझ्या नावासकट.

इतक्यात हसू नका. हसायची जागा पुढे आहे.

आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी अमरावतीहून बी.ए. होऊन नुकता गावी आलो होतो. गाव संग्रामपूरपासून बैलगाडीने तासाभरावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी शेती होती, पण बी.ए. झालेला माणूस कापसाच्या पराटीत कसा उतरणार? मी अकोल्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर झालो. पगार काहीच नाही. रुबाब मात्र विचारू नका. गावात कुत्रं भुंकलं तरी मी त्याला 'का?' म्हणून जाब विचारायचो.

कापसाचा शेवटचा वेचा घरी आला, शेतं मोकळी झाली, की संग्रामपूरच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीज उतरायची. गाड्यांवर तंबू, एका गाडीवर इंजिन, आणि सगळ्यात वर, नवरी न्यावी तसा जपून आणलेला घडीचा पडदा. संध्याकाळी इंजिन धकधकायला लागलं, की बाजारपेठेतल्या माणसाचा घास हातातच राहायचा.

त्या तंबूची एक रीत होती, ती आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटते. पडदा तंबूच्या टोकाला नसायचा, मध्यावर असायचा. समोर खुर्च्या आणि बाकं. मागे, नुसत्या जमिनीवर, उरलेलं जग. मजूर, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. मागचं तिकीट अगदीच स्वस्त. खेळाआधी एक माणूस पिचकारीने पडदा चिंब भिजवायचा. ओल्या कापडातून चित्र आरपार यायचं, आणि मागच्यांनाही खेळ दिसायचा. पडदा सुकत आला की देव फिके पडायला लागायचे. मग मागून आरडाओरडा: "पानी मारा बे, देव चालले!" पिचकारी सुटायची, मागच्यांच्या अंगावर तुषार यायचे, आणि देव पुन्हा ठळक व्हायचे.

आज दगडी भिंतीची, पंख्यांची थेटरं आहेत. मला सांगा, त्यातल्या एकात तरी देवावर पाणी मारायची सोय आहे का?

असो. माझं लग्न त्याच वर्षी झालेलं. माझी बायको वत्सला, मोताळ्याकडची, रोहिणखेडची. तिच्या गावात जुनी मोठी मशीद होती, बाजार होता, पण तंबू कधी उतरलेला नव्हता. चित्रातली माणसं चालतात एवढं तिला मान्य होतं. ती बोलतात, हे काही पटत नव्हतं.

"अवो, थे बोलतात, तं आपल्यालेही पाह्यतात काय?"

"नाही. त्यांना आपण दिसत नाही."

"मंग लाजाचं काम नाई. मले पाहाचं हाय."

हे तिने मला सांगितलं तेव्हा भाकर तव्यावरच राहिली आणि करपली. इतकी वर्षं झाली, तो वास माझ्या नाकातून गेला नाही. सासरी येऊन तिने मागितलेली ती पहिली गोष्ट.

परवानगी माझ्या मायची लागणार होती. माय म्हणाली, "येत्या बाजारी बैलांची दमणी संग्रामपूरले जाऊनच राह्यली, सूनबाई त्यातच बसून जाईन. पन आधी तू पाहून ये बाप्पा. खेळ घरच्या बाईनं पाहासारखा हाय का नाई, ते सांग."

झालं. एका वार्ताहरावर खेळाच्या चौकशीचं काम आलं. मी इस्त्रीचा कोट घातला आणि निघालो.

तंबूच्या दारावर मालक स्वतः बसलेला. गुलाबशेट. अंगाने पिंपासारखा, आवाज मात्र बासरीसारखा.

"पास," मी म्हणालो.

"कोनता पास?"

"पत्रकाराचा."

"मंजे तुमच्याजवळ हाय?"

"माझ्याजवळ नाही. तो तुम्ही द्यायचा असतो."

"मी काऊन देऊ?"

"मी या खेळाबद्दल पेपरात लिहिणार आहे."

"लिहा न साहेब. खेळ पाहाले तिकीट लागते, लिहाले काई लागत नाई."

मागची रांग हसली. मी आजही सांगतो, पासाचा मुद्दा तत्त्वाचा होता. मी तिथेच जाहीर केलं की असल्या तंबूतल्या खुर्चीचं तिकीट मी घेणार नाही. गुलाबशेट म्हणाला, "नोका घेऊ," आणि माझ्या मागच्याला तिकीट दिलं.

आता घरी जाऊन मायला काय सांगणार? आणि वत्सलाला? विचार करता करता माझ्या ध्यानात आलं की माझं तत्त्व खुर्चीच्या तिकिटाबद्दल होतं. जमिनीच्या तिकिटाबद्दल तत्त्वाने अजून काहीच म्हटलेलं नव्हतं.

पण बी.ए. झालेला माणूस पडद्यामागे बसलेला कुणी पाहिला तर? मी ओळखीच्या पानवाल्याकडून घोंगडं मागून घेतलं, कोटावरून पांघरलं, आत दिवे मालवेपर्यंत बाहेर घुटमळलो, आणि मग चोरासारखा मागच्या कनातीतून आत सरकलो. खेळ तोवर सुरू झालेला. नावं येऊन गेलेली.

शेजारी एक म्हातारी होती. तिने अंधारात माझ्याकडे पाहिलं, पदरातल्या भुईमुगाच्या शेंगांची मूठ काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "खाय लेका. कोन्या गावचा?"

मी उत्तर दिलं नाही. शेंगा खाल्ल्या.

खेळ पौराणिक होता. राजा, ऋषी, राजकन्या, आणि मधोमध मोठं थाटाचं लग्न. मी पाहतो तर काय, होमापुढे बसलेल्या ऋषींचं जानवं उजव्या खांद्यावर! श्राद्धाला भटजी जानवं तसं घेतात, लग्नाला नव्हे. मी ताठ बसलो. नवरानवरीने अग्नीला फेरे घातले, तेही उलटे. पुढे पंगत बसली. नवरदेवाने घास घेतला, तो डाव्या हाताने!

माझं रक्त तापलं. खरं म्हणजे दारापासूनच तापलेलं होतं, इथे त्याला कारण मिळालं. मी आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं, आणि एकाच्याही कपाळावर आठी नाही. सगळे तोंड उघडं टाकून, अंगावर तुषार घेत, सुखात बसलेले. मला वाटलं, समाज झोपलेला आहे. त्याला जागं करणं माझं काम आहे.

घरी येताच सांगून टाकलं. "मालकाने स्वतः हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. पण खेळ धर्माचा अपमान करणारा आहे. नवरदेव डाव्या हाताने जेवतो."

वत्सला दाराआडून म्हणाली, "डावखोरा असन बिचारा. माहा भाऊ नाई काय तसा?"

"एकटा नवरदेव नाही. आख्खी पंगत डाव्या हाताने जेवत होती."

"सारेच?"

"सारेच. राजासकट."

आता इथे दुसऱ्या कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. आख्खी पंगत डावखोरी कशी असेल? पण मी कोट काढला, दिवा जवळ ओढला आणि लिहायला बसलो. मथळा दिला: 'लग्न की श्राद्ध?' ऋषींच्या जानव्यापासून सुरुवात केली आणि शेवटी 'वऱ्हाडातील जनता हे किती काळ सहन करणार?' असा सवाल टाकला. संपादकांना लेख इतका आवडला की त्यांनी मथळ्यापुढे आणखी एक प्रश्नचिन्ह घातलं.

अंक आला आणि संग्रामपूर पेटलं. खुर्चीवर बसणाऱ्या प्रतिष्ठितांना मी गाठून विचारलं, "तुम्ही पाहिलं ना?" एक व्यापारी म्हणाला, "साहेब, खरं सांगू? आमी नवरी पाह्यली. हात कोनी पाह्यला?" मी त्यांची यथेच्छ कानउघाडणी केली. पडद्यामागे बसणारे मजूर मात्र ठामपणे म्हणाले, "हाव, डाव्या हातानंच जेवतात. आमी तं कवाचं पाहून राह्यलो. सिनेमातले लोक तसेच असतात." हे तर माझे हक्काचे साक्षीदार निघाले.

शेवटी पाटलांनी खेळ थांबवला. मैदान त्यांच्या ताब्यात होतं. येत्या बाजारच्या दिवशी दिवेलागणीला पंचांसमोर तेच लग्न पुन्हा दाखवायचं, पंच पाहतील, आणि मग तंबू राहील किंवा उठेल, असं ठरलं.

येत्या बाजारच्या दिवशी. म्हणजे ज्या दिवशी आमची दमणी वत्सलाला घेऊन जाणार होती, त्याच दिवशी.

वत्सलाने लग्नातलं लुगडं पेटीतून काढून ठेवलं होतं. माय म्हणाली, "आता काई जमत नाई सूनबाई. ज्यानं पेपरात लिहिलं त्याचीच बायको तंबूत दिसली, तं लोकं काय म्हनतीन?"

लुगडं पेटीत गेलं. संध्याकाळी गोठ्यापाशी तिने मला अडवलं.

"तुमी तं पाह्यलं न? मंग मले सांगा."

मी जानव्याचं सांगितलं. फेऱ्यांचं सांगितलं.

"थे नाई. नवरीचं सांगा. कशी दिसत होती?"

"नवरीकडे माझं लक्ष नव्हतं."

"हसली काय?"

"पाहिलं नाही."

ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सारं सोडून तुमी हात पाह्यले," ती म्हणाली.

बाजारच्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या लेखामुळे आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही हात पाहायला आले होते. पंचांचा खेळ म्हणून फुकट, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही अंगांनी गर्दी. मी पाटलांच्या शेजारी, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. गुलाबशेट मशीनपाशी उभा. त्याचा चेहरा उतरलेला.

लग्न सुरू झालं. ऋषी दिसले. जानवं डाव्या खांद्यावर.

मी डोळे चोळले. फेरे सुरू झाले. अगदी रीतसर. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. पंगत बसली, पानं वाढली, आणि नवरदेवाने घास उचलला.

उजव्या हाताने.

मी ताडकन उभा राहिलो. "रीळ बदललंय! हा पुरावा नष्ट केलाय!"

"साहेब," गुलाबशेट बासरीच्या आवाजात म्हणाला, "माह्याजवळ एकच खेळ हाय. दुसरा असता तं हा आनलाच नसता."

"मग हा हात उजवा कसा झाला?"

आणि माझं बोलणं संपायच्या आत पडद्याच्या मागून एक गडी ओरडला, "कोन म्हनते उजवा? डावा हाय!"

"उजवा हाय बे!" बाकांवरून कुणी तरी.

"डावा! आमाले डोये नाईत काय?"

"तुमचे डोये फुटले काय, उजवा हाय!"

अर्धा तंबू उजवा म्हणत होता, अर्धा डावा. मधे ओलं कापड, आणि त्या कापडावर तो नवरदेव, दोघांच्याही समोर, शांतपणे भात खात होता. मग कुणीतरी हसलं. दुसरा हसला. बाकांवरचे काही उठून पडद्यामागे धावले, मागचे पुढे आले, पाहून परत गेले. हास्याची एक लाट पुढून मागे गेली आणि मागून पुढे आली. पाटीलही पोट धरून हसले. हसता हसता थांबले. माझ्याकडे वळले.

"वार्ताहरसाहेब, एक सांगा मले. खुर्चीवर बसनाऱ्याले तं हात उजवा दिसते. तुमाले डावा कसा काय दिसला?"

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "प्रश्न मी कुठे बसलो होतो हा नाही."

तेवढ्यात पडद्याच्या कडेने त्या शेंगावाल्या म्हातारीने डोकं बाहेर काढलं. "अव माय, थोच हाय काय हा? घोंगडं पांघरून माह्याजवळ बसेल होता. पेपरवाला हाय म्हनतात, पन बोलला काईच नाई. शेंगा मात्र साऱ्या खाल्ल्या."

त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. तुम्ही आता जसे हसताहात, तसं संग्रामपूर हसलं. फक्त ते शेकड्यांनी होते.

खेळ संपल्यावर पाटील म्हणाले, "झालं गेलं. पेपरात एक ओळ टाकून द्या, हात उजवा होता म्हनून."

"आमचं पत्र खुलासा छापत नाही," मी म्हणालो. हे खोटं होतं. आमचं पत्र खुलासे छापायचं. मी पाठवत नव्हतो.

गुलाबशेट तंबूबाहेर मला गाठायला आला. रागावलेला नव्हता. "साहेब, मी फुडच्या मुक्कामी पोचाच्या आधी तुमचा पेपर पोचेल हाय. एक ओळ लिहा. तुमाले पास देतो, जनमभराचा."

आता मला सांगा, असा पास घेणं म्हणजे लाच नाही का? मी तत्त्वाने नकार दिला. पासही नाकारला, ओळही नाकारली. तेव्हा मला फार मोठा विजय झाल्यासारखं वाटलं होतं.

घरी येऊन मायला सांगितलं की खेळ स्वच्छ आहे, कुणीही पाहावा. माय म्हणाली, "मंग उद्या पाठवू." वत्सलाने पेटी उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पण तो 'उद्या' झालाच नाही. खेळ बंद राहिल्याने गुलाबशेटचे दिवस वाया गेले होते, आणि ते रीळ ठरल्या वेळी दुसऱ्या तंबूला पोचवायचं होतं. सकाळी त्याच्या गाड्या आमच्या गावावरूनच गेल्या. वत्सला लग्नातलं लुगडं नेसून दारात उभी. मी तिच्या मागे.

तंबूची गाडी गेली. इंजिनाची गेली. शेवटच्या गाडीवर ती पांढरी घडी होती.

"थो पडदा व्हय काय?"

"हो."

"त्याच्यात होते थे सारे? थो राजा, थे नवरी?"

"हो."

"किती पांढरा हाय," ती म्हणाली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.

त्यानंतर तो तंबू संग्रामपूरला पुन्हा उतरला नाही. कापूस घरी यायचा, शेतं मोकळी व्हायची, मैदान तसंच पडून राहायचं. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत कुणीतरी गुलाबशेटला पाहिला असं ऐकलं, पण ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दमणी तिथवर कशी जाणार?

पुढे वत्सलाने सिनेमा पाहिला. पाहिला नाही असं नाही. मुलं झाली, मी खामगावला बिऱ्हाड केलं, आणि तिला पक्क्या थेटरात घेऊन गेलो. आता मी नावाजलेला बातमीदार, खिशात पास. दारवान म्हणाला, पास एकट्याला चालतो. मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात ती पुढे झाली.

"भाऊ, याइले पडद्याच्या मांगं बसवा. समोरून याइले नीट दिसत नाई."

दारवान गोंधळला. "बाई, मांगं भित हाय."

"भित?" तिला खरंच नवल वाटलं. "मंग मांगचे लोक कोठी बसतात?"

मोठमोठ्या साहेबांना प्रश्नांनी घाम फोडणारा मी. पास खिशात घातला आणि दोन तिकिटं काढली.

आत गार, कोरडं, स्वच्छ. कुणाच्या अंगावर थेंब उडाला नाही, कुणी मूठभर शेंगा दिल्या नाहीत. पासावर मी पुढे शेकडो खेळ पाहिले आणि त्यातला एकही आठवत नाही. आठवतं ते ओल्या कापडाच्या वासाचं, उलट्या फेऱ्यांचं, डाव्या हाताने जेवणाऱ्या राजाचं राज्य. तिथे मी तिला नेऊ शकलो असतो.

त्या दिवशीच्या खेळातही एक पंगत होती. अंधारात ती माझ्या कानाशी वाकली.

"कोनता हात?"

"उजवा."

"नीट पाहा."

"उजवाच आहे."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "पेपरात देऊ नका."

तेव्हा दिलं नाही. ते थेटरही आता बंद पडलं, आत सरकीची पोती रचलेली असतात. पेपरात देऊ नका म्हणणारीही राहिली नाही. म्हणून आज देतो, फार उशिरा, पण माझ्या नावासकट. खुलासा: संग्रामपूरच्या तंबूतला नवरदेव उजव्या हातानेच जेवत होता. आणि नवरी कशी दिसत होती, ते वार्ताहराने पाहिलं नाही.